पोटोबा, विठोबा आणि मधलं पाकीट

हरिनाम सप्ताहातलं कीर्तन संपतं, आरती होते आणि मंडळाचा खजिनदार पुढे येतो. बुवांच्या पाया पडतो, नारळ देतो आणि नारळाखाली धरलेलं पाकीट नारळाबरोबरच बुवांच्या हातात जातं. बुवा त्याकडे न पाहता ते सोबतच्या माणसाकडे देतात. आत किती आहे हे दोघांनाही ठाऊक असतं, कारण तारीख घेतानाच फोनवर आकडा ठरलेला असतो. तरीही सगळा व्यवहार नारळाच्या आडोशानं होतो. दोन तास ज्यांनी 'पैशाचा मोह सोडा' म्हणून सांगितलं आणि ज्यांनी ते ऐकलं, त्या दोघांनाही हा आडोसा हवासा वाटतो.

मग पारावर चर्चा रंगते. बुवा किती घेतात, गाडी कुठली आहे, लोका सांगे ब्रह्मज्ञान वगैरे. त्याच पारावर एखादा जुना माणूस म्हणतो, 'अरे, त्यालाही पोरंबाळं आहेत.' दोघंही खरं बोलत असतात, म्हणूनच हा वाद कधी मिटत नाही.

धर्म सांगणाऱ्यानं पैसा घ्यावा की नाही, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक परंपरेला पडला आणि प्रत्येकीनं त्याचं वेगळं उत्तर काढलं. ती उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट दिसते. फुकटात उपदेश कुठेच होत नाही. बुवांचं पोट कोणीतरी भरतंच: कधी गाव, कधी संस्था, कधी त्यांची स्वतःची नोकरी आणि पुष्कळदा त्यांची बायको. तेव्हा 'घेतात की नाही' यापेक्षा 'भरतं कोण आणि ते उघड आहे का' हे विचारणं जास्त उपयोगाचं.

तुकोबांची अट

वारकऱ्यांपुरता निकाल तुकाराम महाराजांनी साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेवला आहे. जिथे कीर्तन करायचं तिथे जेवू नये, कपाळी बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये आणि तट्टा-बैलाला दाणा-चाराही मागू नये, असा त्यांच्या एका अभंगाचा आशय आहे. द्रव्य घेणारा आणि देणारा दोघेही त्यात सारखेच दोषी ठरतात. तट्टा-बैलाचा उल्लेख मुद्दाम वाचण्यासारखा आहे. मानधन तर सोडाच, प्रवासखर्चही नको. आजच्या भाषेत, डिझेलचेसुद्धा पैसे घ्यायचे नाहीत.

ही अट घालणारा माणूस व्यवहार न कळणारा नव्हता. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होतं, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला आणि पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी सावकारीचे कागद इंद्रायणीत बुडवल्याची हकिकत सगळ्यांना माहीत आहे. तिच्यातला एक तपशील मात्र घाईत सुटतो. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याचे कागद त्यांनी आधी वेगळे काढून त्याच्या हवाली केले आणि फक्त आपल्या वाट्याचे बुडवले. दुसऱ्याचा संसार आपल्या वैराग्यात ओढायचा नाही, हे भान त्यात आहे. पण त्या 'आपल्या' वाट्यात दुसरी पत्नी जिजाई आणि मुलंही होती. जिजाईच्या नावावर कजाग बायको म्हणून जे किस्से आपण चवीनं सांगतो, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ या हिशोबात आहे.

तुकोबांची अट त्यांच्या पश्चात तशीच टिकली असंही नाही. त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला आणि पुढच्या काळात देहूच्या वंशजांना इनामं मिळाली. एकट्या माणसाला निःस्पृह राहता येतं. सोहळा म्हटला की दिंड्या, मुक्काम, पंगती आल्या आणि त्यामागे जमाखर्च आला.

नारदीय कीर्तनाची रीत पहिल्यापासून निराळी. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, सोबत पेटी-तबला आणि शेवटी आरतीच्या ताटात पडेल ते. हरिदासाला बिदागी देणं यात कोणाला वावगं वाटत नसे. देवस्थानच्या उत्सवात बुवा नेमलेले असत आणि घराण्यात कीर्तन पिढ्यान्‌पिढ्या चाले. वारकरी फडावर जे पाप मानलं गेलं ते नारदाच्या गादीवर रीतसर उत्पन्न होतं. आजचा गोंधळ बराचसा यातून आला आहे: पद्धत वारकरी, व्यवहार नारदीय आणि कसोटी तुकोबांची.

तीन जुने मार्ग

जगभरच्या परंपरांनी काढलेली उत्तरं मुख्यतः तीन आहेत. भिक्षेवर जगावं, स्वतः कमवून सांगावं, किंवा संस्थेनं पोसावं.

भिक्षेचा मार्ग दिसायला सगळ्यांत स्वच्छ. महानुभाव, जैन आणि बौद्ध परंपरांनी तो कसून पाळला. पण पैसा तिथेही दारावर थाप मारतोच. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीच्या भिक्खूंनी उपोसथाच्या दिवशी पाण्यानं भरलेलं तांब्याचं पात्र मांडलं आणि उपासकांना त्यात नाणी टाकायला सांगितलं. संघाला अमुक अमुक लागतं, हे कारण. यश नावाच्या भिक्खूनं लोकांसमोरच विरोध केला आणि आपल्या वाट्याला आलेली रक्कम नाकारली. दहा मुद्द्यांवर वाद पेटला, त्यातला एक सोन्याचांदीचा स्वीकार हा होता. त्यासाठी दुसरी संगीती, म्हणजे धर्मसभा, भरवावी लागली. 'संघाच्या गरजेसाठी' ही वैशालीची सबब पुढे प्रत्येक धर्मात ऐकू येते. ती दर वेळी खोटी नसते, हीच अडचण आहे.

स्वतः कमवून सांगण्याचं प्रसिद्ध उदाहरण संत पौलाचं. करिंथ शहरात तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहून तंबू शिवत असे आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात बोलत असे. त्याच शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो हट्टानं सांगतो की उपदेशकाला उपजीविका मागायचा हक्क आहे आणि मी तो वापरलेला नाही. हक्क मान्य करून तो न बजावणं हा फरक बारीक आहे आणि महत्त्वाचाही. आपण घेत नाही म्हणून घेणाऱ्याला त्यानं हलकं ठरवलं नाही.

महाराष्ट्रात या मार्गाचा नमुना म्हणजे सोनोपंत दांडेकर. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवायचं, पुढे तिथलंच प्राचार्यपद सांभाळायचं आणि कीर्तन-प्रवचन वारकरी शिस्तीनं करायचं. त्यांचे गुरू जोगमहाराज यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तीच मुळी कीर्तनाचा धंदा होऊ नये या आग्रहातून. आजही असे कीर्तनकार आहेत: जिल्हा परिषदेचे शिक्षक, एसटीतले कर्मचारी, शेतकरी. त्यांची अडचण पैशाची नसून झोपेची असते. रात्री अकराला कीर्तन संपवून दीडशे किलोमीटर यायचं आणि सकाळी वर्गावर हजर व्हायचं. नोकरीत पोट भरतं, पण चिंतनाचा वेळ त्याच पोटात जातो आणि चार अभंगांवर चाळीस तारखा निघतात.

याच वाटेचा सामुदायिक प्रयोग पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवारानं केला. भावफेरीला जाणारा स्वाध्यायी स्वतःच्या खर्चानं जातो, डबा घरचा नेतो, गावातलं काही घेत नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं हे इथे नियमात बसवलं. किनाऱ्यावरच्या कोळी स्वाध्यायींच्या 'मत्स्यगंधा' नौकांवर आळीपाळीनं श्रम द्यायचे आणि मासळीचं उत्पन्न कोणा एकाचं न मानता अडल्यानडल्यांसाठी ठेवायचं, अशी रचना होती. पूर्णवेळ उपदेशक नेमून त्याला पोसण्यापेक्षा प्रत्येकानं आठवड्यातला थोडा थोडा वेळ द्यावा, ही कल्पना. पण ज्याच्याकडे तेवढा मोकळा वेळ आणि गाडीभाडं आहे त्यालाच हे झेपतं, ही तिची मर्यादा.

पगार आणि स्वातंत्र्य

तिसऱ्या मार्गाची, संस्थेच्या पगाराची, सर्वांत जिवंत मराठी कहाणी रेव्हरंड ना. वा. टिळकांची. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम धरलं. शिकवणं, राहुरीला पाळकपण, 'ज्ञानोदया'चं संपादन, ख्रिस्ती भजनं आणि कीर्तनंही. मिशनच्या पगारावर घर चाललं होतं. पण परदेशी पैशावर उभं असलेलं ख्रिस्तीपण इथल्या माणसाला परकंच वाटणार, ही टोचणी मनातून जाईना. अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले.

टिळकांचा निर्णय थोर होता, याबद्दल वाद नाही. तरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना लक्षात येतं की तो निर्णय पेलण्याची तालीम लक्ष्मीबाईंनी आधीच पुरी केली होती. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरजवंत आला की खिसा रिकामा होई, आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना, पोरक्या मुलांना आसरा मिळे तो लक्ष्मीबाईंच्या चुलीवर. हे सगळं त्या हसत हसत सांगतात, म्हणून पुस्तक गोड लागतं. हसणं बाजूला ठेवलं तर ते एका उपदेशकाच्या घराचं हिशोबाचं पुस्तक आहे.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी हाच ताण दुसऱ्या बाजूनं अनुभवला. ऑक्सफर्डला धर्मशास्त्र शिकून १९०३ मध्ये परतल्यावर ते मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभारलं. रविवारची उपासना चालवणारा प्रचारक समाजाला हवा होता, पण महारवाड्यात शाळा चालवणारा माणूस त्या चौकटीत पुरता मावत नव्हता. १९१० मध्ये त्यांनी प्रचारकपद सोडलं. त्यांच्या बाबतीत विशेष हे की घर मागे राहिलं नाही. वडील, बहीण जनाक्का, घरची मंडळीच मिशनच्या कामात उतरली. संसार आणि कार्य यांतली ओढाताण त्यांनी दोन्ही एकत्र करून सोडवायचा प्रयत्न केला. पण मग कार्याची तंगी ती थेट घराची तंगी झाली.

हत्यारं

उपदेशकालाही हत्यारं लागतात, आणि त्यांनाही पैसे पडतात. वीणा, चिपळ्या, टाळ, पखवाज. तुकडोजी महाराजांची खंजिरी. गाडगेबाबांचा खराटा आणि मडकं. हत्यार जितकं साधं तितका उपदेशक मोकळा, असं यावरून वाटतं. दासगणू महाराज सुरुवातीला अंगरखा-उपरणं-पागोटं असा थाट करून कीर्तनाला उभे राहत. साईबाबांनी तो थाट उतरवायला लावला आणि पुढे ते उघड्या अंगानं, हाती वीणा-चिपळ्या घेऊन कीर्तन करू लागले, अशी कथा साईसच्चरितात आहे.

पण हत्यार महागडं असूनही उपदेशक निर्लोभी राहू शकतो, याचं उदाहरण बंगालात आहे आणि त्याचा मराठीशी सरळ संबंध आहे. विल्यम कॅरी हा इंग्लंडातला चांभारकाम करणारा माणूस १७९३ मध्ये मिशनरी म्हणून बंगालला आला. पैसे संपल्यावर मुदनाबाटीच्या नीळ कारखान्यात व्यवस्थापक झाला आणि आता तुमचे पैसे नकोत असं त्यानं आपल्या मिशन सोसायटीला कळवून टाकलं. १८०० मध्ये श्रीरामपूरला मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांबरोबर त्यानं छापखाना मांडला. तिन्ही कुटुंबं एकत्र राहत. खाजगी धंदा करायचा नाही, मिळकत सामाईक तिजोरीत टाकायची आणि तिच्यातून प्रत्येकानं खर्चापुरतं घ्यायचं, असा करार. फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवू लागला. तिथला घसघशीत पगार छपाईचे खिळे पाडण्यात आणि कागद विकत घेण्यात जाई. पंडित वैजनाथ यांच्या मदतीनं केलेलं मराठीचं छापील व्याकरण १८०५ मध्ये आणि मोडी खिळ्यांतला मराठी कोश १८१० मध्ये याच छापखान्यातून निघाला.

१८१२ च्या मार्चमध्ये छापखान्याला आग लागली. खिळे, कागद, हस्तलिखितं जळाली. देशोदेशीच्या वर्गण्यांनी नुकसान भरून निघालं, पण नंतर वेगळीच ठिणगी पडली. छापखाना, जमीन, कॉलेज हे सगळं कोणाच्या मालकीचं? राबून कमावणाऱ्या तिघांच्या, की लंडनच्या सोसायटीच्या? या वादात १८२७ मध्ये दोन्ही बाजूंनी फारकत घेतली. स्वतःसाठी छदाम न ठेवणारी माणसंही मालकीच्या कागदावर भांडली. वैराग्यानं कागदपत्रांचं काम होत नाही.

आजचं हत्यार म्हणजे चारचाकी, साउंड सिस्टीम आणि समोर तिवईवर लावलेला मोबाईल. पहिली दोन खर्चाच्या खात्यात मोडतात. तिसऱ्यानं उपदेशच बदलला. वारकरी कीर्तन म्हणजे एक अभंग घेऊन त्याची चरणं एकामागून एक सोडवत नेणं, मध्ये प्रमाणं, दृष्टान्त, टाळकऱ्यांची साथ. दोन तासांत शेवटच्या चरणापर्यंत पोचायचं. युट्यूबवाल्याला त्यातली दीड मिनिटं लागतात आणि ती बहुधा सासू-सुनेच्या विनोदाची असतात. त्या तुकड्याला लाखो लोक पाहतात, पुढच्या तारखा त्यावर मिळतात आणि जाहिरातीचं उत्पन्न पुष्कळदा चॅनेलवाल्याकडे जातं. बुवांच्या लक्षात येतं की लोकांनी बोलावलंय ते अभंगासाठी नव्हे. पाकिटानं कीर्तन बिघडतं ही तक्रार जुनी आहे, पण दीड मिनिटाच्या तुकड्यानं ते जास्त बिघडलं, असं मला वाटतं. पाकीट कीर्तन संपल्यावर येतं, मोबाईल पहिल्या चरणापासून समोर उभा असतो.

बिल घरी जातं

या आढाव्यातली बहुतेक उत्तरं एकाच ठिकाणी कमी पडतात: घरी. गाडगेबाबांइतका चोख हिशोब क्वचितच कोणी ठेवला असेल. कीर्तनात लाखो रुपये जमवले, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधवल्या. त्यांची मालकी विश्वस्तांकडे दिली आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आपल्या नातलगांना त्यातलं काही मिळू नये यासाठी ते कठोर राहिले. एकुलता मुलगा गोविंद गेल्याची बातमी कोकणात कीर्तन चालू असताना आली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, ही हकिकत त्यांच्या थोरवीची म्हणून सांगतात. त्या रात्री गोविंदची आई कुंताबाई काय करत होती, हे त्या हकिकतीत येत नाही.

कॅरीच्या घरात याहून वाईट घडलं. १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर मुदनाबाटीला आमांशानं गेला. यायला मुळात नाखूश असलेली कॅरीची बायको डोरोथी त्यानंतर मनानं कोलमडली आणि १८०७ मध्ये मरेपर्यंत सावरली नाही. शेजारच्या खोलीत कॅरी भाषांतरं करत होता. पुढे श्रीरामपुरात मार्शमनची बायको हॅना हिनं निवासी शाळा चालवून सामाईक तिजोरीत मोठी भर घातली. एक बाई कार्याखाली चिरडली गेली आणि दुसरीनं कार्य तोलून धरलं. दोघींना सुरुवातीला विचारलं किती गेलं असेल, हे सांगायला नको.

आजही सप्ताहाच्या मोसमात कीर्तनकाराच्या घरी म्हशीची धार, पोरांच्या फिया, सासऱ्याचं दवाखान्याचं आणि रानातलं पाणी हे कोण पाहतं, हे गावाला माहीत असतं. आता बायकाही मोठ्या संख्येनं कीर्तनाला उभ्या राहू लागल्या आहेत. त्यांना तारीख देताना लोक पहिला प्रश्न 'घरी कोण पाहतं?' हा करतात. हा प्रश्न बुवांनाही विचारायची वेळ आहे.

मग करायचं काय

सरकारनं आपल्या परीनं हात पुढे केला आहे. वृद्ध साहित्यिक-कलावंतांच्या मानधन योजनेत कीर्तनकारही बसतात आणि आता ते मानधन महिना ५,००० रुपये झालं आहे. २०२४ च्या आषाढी वारीत दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये जाहीर झाले, तेव्हा वारकऱ्यांमधूनच 'आम्हाला हे नको' असे आवाज उठले. तो नकार मला रास्त वाटतो. म्हाताऱ्या कीर्तनकाराला आधार देणं हे समाजाचं कर्तव्य आहे. चालत्या दिंडीला पैसे देणं हा वेगळाच व्यवहार आहे आणि त्याची परतफेड कोणत्या रूपात मागितली जाईल, हे निवडणुकीच्या हंगामात कळतं.

तुकोबांची अट मोडूनच आजचं बहुतेक कीर्तन चालतं, हे एकदा मोकळेपणानं कबूल करावं. मग निदान तिच्यामागचं भय जपता येईल. ते भय रकमेपुरतं नव्हतं. ज्याच्याकडून घेतलं त्याला खरं सांगायची जीभ उरत नाही, हे तुकोबांना ठाऊक होतं. त्यावर उपाय गावाच्या हातात आहे. सप्ताहाची वर्गणी पावती फाडून घेतात, आजचं अन्नदान कोणाचं ते फळ्यावर लिहितात. तसंच बुवांचा प्रवास, साथीदार आणि निर्वाह ही तीन कलमं वेगळी मांडून काल्याच्या दिवशी वाचून दाखवावीत. एका धनदांडग्यानं पाकीट भरण्याऐवजी दोनशे घरांच्या वर्गणीतून ते भरलं तर बुवांना कोणा एकाची भीड राहत नाही. आणि आकडा उघडा पडला की तो आपोआप आवाक्यात येतो, कारण सगळ्या गावासमोर ऐकवायचा असतो.

दुसरा उपाय शिक्षणातला आहे. आळंदीला चार वर्षं मुलं ज्ञानेश्वरी, गाथा, गायन, पखवाज शिकतात, माधुकरीवर राहतात. तिथून बाहेर पडणारी बहुतेक पोरं संसार मांडणारी असतात. जोगमहाराज ब्रह्मचारी होते, त्यांना जे झेपलं ते विशीतल्या नवऱ्यामुलाला तसंच झेपेल असं गृहीत धरणं अन्यायाचं आहे. वर्षाला किती तारखा घ्यायच्या, कोणाच्या पैशाला नाही म्हणायचं, जोडधंदा कोणता, घरी किती रात्री राहायचं, हे त्याला गाथेबरोबरच कोणी शिकवलं पाहिजे. आणि लग्न ठरताना ही सगळी बोलणी मुलीला समोर बसवून व्हावीत. वैराग्य त्याचं असलं तरी निम्मा खर्च तिच्या नावावर पडणार असतो.